स्प्रिंगचा नियम सांगणारा, चेहरा हरवलेला संशोधक

लंडनमध्ये १६७६ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. डोळ्यांना इजा न होता सूर्याकडे पाहता येईल अशा उपकरणांचे वर्णन त्यात होते. छपाईच्या वेळी अखेरचे एक पान मोकळे राहत होते. ती जागा भरण्यासाठी लेखकाने आपल्या काही शोधांची यादी जोडली. पुढेमागे ते शोध प्रसिद्ध करण्याचा त्याचा विचार होता. त्यातील एक शोध स्थितिस्थापकतेविषयीचा होता. पण तो शब्दांत मांडलेला नव्हता. त्याच्यापुढे होती वर्णक्रमाने लावलेली रोमन लिपीतील केवळ चौदा अक्षरे. ती वाचून कोणालाही काही कळणे शक्य नव्हते, आणि लेखकाची इच्छाही तीच होती. शोधाचा मान आपल्या नावावर राहावा आणि शोध मात्र इतरांच्या हाती पडू नये, यासाठी केलेली ती तजवीज होती.

हा लेखक म्हणजे रॉबर्ट हूक. दोन वर्षांनी, १६७८ साली, त्यांनी स्प्रिंगवरील आपली व्याख्याने प्रसिद्ध करून त्या कोड्याचा उलगडा केला. चौदा अक्षरे नीट जुळवली की चार लॅटिन शब्दांचे एक वाक्य तयार होत असे. त्याचा अर्थ इतकाच, की जेवढा ताण तेवढे बल. आज शाळकरी मुलेही हूकचा नियम म्हणून तो पाठ करतात. नियम जगभर पोहोचला, पण तो सांगणाऱ्या माणसाचे अस्सल म्हणून निर्विवाद मानले जाणारे एकही चित्र आज उपलब्ध नाही. ज्याने आयुष्यभर आपल्या नावासाठी भांडण केले, त्याचाच चेहरा काळाच्या ओघात नाहीसा व्हावा, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

रॉबर्ट हूक यांचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर, फ्रेशवॉटर या गावी झाला. वडील जॉन हूक हे तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मूल अशक्त होते. ते जगेल की नाही याचीच घरच्यांना धास्ती होती. सततच्या डोकेदुखीमुळे त्याच्या शिक्षणाकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. मात्र हात विलक्षण होता. एक पितळी घड्याळ खोललेले पाहून या मुलाने लाकडाचे तसेच घड्याळ बनवले, आणि ते चाललेही. हातभर लांबीचे एक जहाजही त्याने तयार केले. त्यावर दोरखंड होते आणि बार उडवणाऱ्या तोफाही होत्या.

१६४८ साली वडील वारले. रॉबर्ट तेव्हा तेरा वर्षांचा होता. वारशाने आलेले सुमारे चाळीस पौंड बरोबर घेऊन तो लंडनला आला. प्रसिद्ध चित्रकार पीटर लेली यांच्याकडे काही दिवस उमेदवारी झाली. पण रंगांच्या वासाने डोके दुखू लागले आणि चित्रकला सुटली. त्यानंतर वेस्टमिन्स्टर शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड बस्बी यांनी त्याला आश्रय दिला. लॅटिन, ग्रीक आणि भूमिती या विषयांत या मुलाची प्रगती शिक्षकांना थक्क करणारी होती. युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड त्याने आठवड्यात आत्मसात केल्याचे सांगितले जाते. १६५३ च्या सुमारास तो ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात दाखल झाला.

ऑक्सफर्डमध्ये तेव्हा एक नवे वारे वाहत होते. जुन्या ग्रंथांतील वचनांवर विसंबण्यापेक्षा प्रयोग करून निसर्गालाच प्रश्न विचारावेत, असे मानणारी काही मंडळी तेथे एकत्र येत. रॉबर्ट बॉइल हे त्यांतील एक धनिक आणि अभ्यासू गृहस्थ होते. हूक त्यांचे साहाय्यक झाले. बॉइल यांना हवेचा अभ्यास करायचा होता, आणि त्यासाठी पात्रातील हवा काढून घेणारा पंप हवा होता. १६५९ च्या सुमारास हूक यांनी तो सिद्ध केला. त्या पंपावरील प्रयोगांतून बॉइल यांनी १६६० साली हवेच्या स्प्रिंगविषयीचा ग्रंथ लिहिला. दाबली की आक्रसणारी आणि दाब काढताच मूळ जागा व्यापणारी हवा त्यांना स्प्रिंगसारखी भासली होती. हवेचा दाब आणि तिचे आकारमान यांचे व्यस्त प्रमाण सांगणारा बॉइलचा नियम १६६२ साली प्रसिद्ध झाला. त्यामागील प्रयोगांत हूक यांचा मोठा हात होता. स्थितिस्थापकतेशी त्यांची गाठ पडली ती अशी, हवेच्या निमित्ताने.

धातूच्या स्प्रिंगकडे ते वळले ते घड्याळामुळे. त्या काळी भर समुद्रात जहाजाचे रेखांश काढण्याची खात्रीची रीत नव्हती. निघालेल्या बंदराची वेळ अचूक सांगणारे घड्याळ जहाजावर असेल, तर स्थानिक वेळेशी तिची तुलना करून रेखांश मिळतो, हे तत्त्व ठाऊक होते. अडचण घड्याळाची होती. लंबकाचे घड्याळ हेलकावणाऱ्या जहाजावर निरुपयोगी, आणि खिशातील घड्याळे तर दिवसाकाठी पंधरा मिनिटे वा त्याहूनही अधिक चुकत. घड्याळाच्या तोलचक्राला स्प्रिंग जोडली, तर लंबकाला गुरुत्वाकर्षण जसे मूळ जागी खेचून आणते, तसे तोलचक्राला ती स्प्रिंग आणील, असा विचार हूक यांनी १६६० पूर्वीच केल्याचे त्यांचे म्हणणे होते. लॉर्ड ब्राउंकर, सर रॉबर्ट मोरे आणि बॉइल यांच्याशी या शोधाच्या व्यापारी हक्काविषयी त्यांची बोलणीही झाली. पुढे कोणी या शोधात सुधारणा केली तर लाभ त्या सुधारकाला मिळावा, अशी एक अट मसुद्यात होती. ती हूक यांना मान्य झाली नाही. बोलणी फिसकटली आणि शोध त्यांच्या कागदपत्रांतच राहिला.

१६६२ च्या नोव्हेंबरमध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने हूक यांना प्रयोगप्रमुख नेमले. दर बैठकीत सभासदांपुढे नवे प्रयोग करून दाखवायचे, असे हे काम होते. विज्ञानासाठी पगारी नोकरी ही कल्पनाच तेव्हा नवी होती. सोसायटीने वर्षाला तीस पौंड द्यायचे ठरवले. जॉन कटलर या व्यापाऱ्याने व्याख्यानमालेसाठी आणखी पन्नास पौंड देऊ केले. पण त्याने ते नियमित कधी दिले नाहीत. त्या पैशांसाठी हूक यांना न्यायालयात जावे लागले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १६९६ साली, त्यांच्या एकसष्टाव्या वाढदिवशी. तोपर्यंत कटलरही हयात नव्हता. १६६५ पासून हूक ग्रेशम महाविद्यालयात भूमितीचे प्राध्यापक होते. तेथील खोल्यांत ते अखेरपर्यंत राहिले.

त्याच वर्षी 'मायक्रोग्राफिया' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकातून दिसणारी पिसू, ऊ, माशीचा डोळा, सुईचे टोक यांची मोठमोठी चित्रे पाहून लंडन चकित झाले. सॅम्युअल पीप्स हा सरकारी अधिकारी रात्री दोन वाजेपर्यंत ते पुस्तक वाचत बसल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना हूक यांनी दिलेले 'सेल' हे नाव जीवशास्त्राने कायमचे स्वीकारले. मराठीत आपण त्यालाच पेशी म्हणतो.

पुढच्याच वर्षी, १६६६ च्या सप्टेंबरमध्ये, लंडनला भीषण आग लागली. तेरा हजारांवर घरे आणि ८७ चर्च भस्मसात झाली. शहराच्या पुनर्उभारणीसाठी नेमलेल्या मोजणी अधिकाऱ्यांत हूक होते. राखेच्या ढिगाऱ्यांतून फिरून घरमालकांच्या हद्दी आखून देणे, रस्ता रुंदीत गेलेल्या जमिनीचे मोजमाप करणे, शेजाऱ्यांचे तंटे मिटवणे, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. ख्रिस्तोफर रेन हे त्यांचे मित्र आणि सहकारी. आगीच्या स्मरणार्थ उभारलेला २०२ फुटी स्तंभ हे दोघांचे काम. वजनाखाली लोंबणाऱ्या साखळीचा आकार उलटा केला की दगडी कमानीचा योग्य आकार मिळतो, हे तत्त्वही हूक यांनी १६७६ च्या त्याच पुस्तकात कोड्यात मांडले होते. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या घुमटाचा विचार करताना रेन यांना या तत्त्वाचा उपयोग झाला.

दिवसा शहराची मोजणी, आठवड्याला सोसायटीपुढे प्रयोग, संध्याकाळी कॉफीगृहांत चर्चा, असा हा दिनक्रम होता. एक कल्पना तडीस जाण्यापूर्वी दुसरी समोर येई. स्प्रिंगचे घड्याळ असेच मागे पडले. आणि १६७५ च्या आरंभी पॅरिसहून बातमी आली, की ख्रिस्तियान हायगेन्स यांनी तोलचक्राला सर्पिल स्प्रिंग जोडून घड्याळ नियमित केले आहे.

हूक यांच्या संतापाला पारावार राहिला नाही. आपल्या स्प्रिंग घड्याळांची माहिती मोरे यांनी दहा वर्षांपूर्वीच पत्राने हायगेन्स यांना कळवली होती, आणि सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांचाही त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. त्यातच इंग्लंडमधील पेटंटचा हक्क हायगेन्स यांनी ओल्डेनबर्ग यांना देऊ केला. आपला शोध सचिवानेच परदेशी विकला, असा हूक यांचा ग्रह झाला. त्यांनी टॉमस टॉम्पियन या कुशल कारागिराकडून घाईने स्प्रिंगचे घड्याळ करवून घेतले आणि राजे दुसरे चार्ल्स यांना ते दिले. शोध १६५८ चा आणि बनावट १६७५ ची, असा लेख त्यावर कोरलेला होता. परंतु सोसायटीच्या मंडळाने ओल्डेनबर्ग यांचीच बाजू घेतली. कल्पना हूक यांना आधी सुचली असणे शक्य आहे. पण चालणारे सर्पिल स्प्रिंगचे घड्याळ जगापुढे प्रथम आणले ते हायगेन्स यांनी. इतकी वर्षे झाकून ठेवलेल्या गोष्टीचा पुरावा देणे हूक यांना जमले नाही.

चौदा अक्षरांच्या कोड्यामागील मनःस्थिती ही अशी होती. स्प्रिंगचा नियमही हातचा जाऊ नये, ही भीती त्यात होती. १६७८ च्या व्याख्यानांत मात्र त्यांनी सारे मोकळेपणाने सांगितले. प्रयोग अगदी साधे होते आणि ते कोणालाही करून पाहता यावेत, अशा रीतीने त्यांनी मांडले. तारेचे वेटोळे करून ते टांगायचे आणि खाली पारडे लावून वजने वाढवीत जायचे. घड्याळाची चपटी स्प्रिंग घेऊन तसेच करायचे. वीस, तीस किंवा चाळीस फूट लांबीची सरळ तार वर खिळ्याला अडकवून तिलाही वजने लावायची. लाकडाची पट्टी एका टोकाला घट्ट बसवून दुसऱ्या टोकाला वजन टांगायचे. प्रत्येक वेळी उत्तर एकच येई. एका वजनाने जेवढे लांबते, त्याच्या दुप्पट दोन वजनांनी आणि तिप्पट तीन वजनांनी. धातू, लाकूड, दगड, भाजलेली माती, केस, शिंग, रेशीम, हाड, काच अशा सर्व पदार्थांना हा नियम लागू असल्याचे त्यांनी सांगितले. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी स्प्रिंगला वजने लावून आलेख काढतात, तो मूळचा हाच प्रयोग.

या नियमातून दोन गोष्टी निघाल्या. स्प्रिंग जेवढी मूळ जागेपासून दूर जाईल, तेवढ्याच प्रमाणात तिला परत खेचणारे बल वाढते. त्यामुळे आंदोलन लहान असो वा मोठे, त्याला लागणारा वेळ सारखाच राहतो. दूर गेलेल्या स्प्रिंगला अंतर अधिक कापायचे असते, पण तिला ओढणारा जोरही त्याच प्रमाणात अधिक असतो. घड्याळाच्या तोलचक्राला स्प्रिंग का लागते, याचे कारण येथे आहे. आधी यंत्र सुचले आणि त्यामागचा नियम नंतर सांगितला गेला.

दुसरी गोष्ट साठवलेल्या शक्तीची. ऊर्जा ही संज्ञा आजच्या अर्थाने तेव्हा अस्तित्वात नव्हती. तरीही ताणलेल्या स्प्रिंगमध्ये एकूण किती शक्ती साठते, हा प्रश्न हूक यांनी स्वतःला विचारला आणि आकृती काढून तो सोडवण्याचा प्रयत्न केला. ताण शून्यापासून वाढत जातो तसे बलही शून्यापासून सारखे वाढत जाते. म्हणून त्यांची बेरीज त्रिकोणाच्या क्षेत्रफळाएवढी होते. पाया दुप्पट झाला की उंचीही दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. समजा, एक किलो वजनाने एखादी स्प्रिंग २ सेंटिमीटर ताणली जाते. तेवढ्या ताणात तिच्यात सुमारे ०.१ ज्यूल ऊर्जा साठेल. तीच ४ सेंटिमीटर ताणली, तर ऊर्जा दुप्पट होत नाही, ती सुमारे ०.४ ज्यूल होते. धनुष्याची दोरी थोडी अधिक खेचली की बाणाला बरीच अधिक ऊर्जा का मिळते, ते यावरून उमगते. हूक यांनी बाणाच्या वेगाचाही विचार याच आकृतीच्या आधारे केला होता.

नियमाला मर्यादा आहे. ताण एका हद्दीपलीकडे गेला की पदार्थ मूळ आकाराला परत येत नाही. आणखी ताणला तर तुटतो. ही स्थितिस्थापकतेची मर्यादा प्रत्येक पदार्थाची वेगळी, आणि काही पदार्थ तर नियम फारसा पाळतच नाहीत. या साऱ्याचा तपशील पुढच्या पिढ्यांनी भरला. १८०७ साली टॉमस यंग यांनी पदार्थाच्या ताठपणाचे माप मांडले. त्यानंतर पूल, इमारती, रेल्वेचे डबे, तराजू यांच्या हिशेबांत हा नियम रूढ झाला. हूक यांना स्वतःला स्प्रिंगच्या तराजूत आणखी एक शक्यता दिसली होती. साध्या तराजूत दोन्ही पारड्यांवर गुरुत्वाकर्षणाचा सारखाच परिणाम होतो. स्प्रिंगच्या तराजूने मात्र डोंगरमाथ्यावर आणि खोल खाणीत वजनात पडणारा फरक तपासता येईल, असा त्यांचा विचार होता.

गुरुत्वाकर्षणानेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कडवट वाद निर्माण केला. आयझॅक न्यूटन यांच्याशी त्यांचे खटके १६७२ पासून उडत होते. प्रकाश आणि रंग यांविषयीच्या न्यूटन यांच्या निबंधावर हूक यांनी कठोर टीका केली होती. ओल्डेनबर्ग यांच्या मृत्यूनंतर हूक सोसायटीचे सचिव झाले. १६७९ साली त्यांनी न्यूटन यांना पत्र लिहून ग्रहांच्या गतीचा विषय काढला. सरळ रेषेतील गती आणि केंद्राकडील ओढ यांच्या संयोगातून ग्रहाची कक्षा घडते, असे त्यांनी सुचवले. ही ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असावी, हेही पुढच्या पत्रात लिहिले. १६८४ च्या जानेवारीत रेन आणि एडमंड हॅली यांच्याशी बोलताना आपल्याकडे याची सिद्धता असल्याचे त्यांनी सांगितले. रेन यांनी त्यासाठी चाळीस शिलिंगांच्या पुस्तकाचे बक्षीस लावले. सिद्धता मात्र आली नाही.

ती दिली न्यूटन यांनी, 'प्रिन्सिपिया'मध्ये. १६८६ साली हस्तलिखित सोसायटीत आले, तेव्हा हूक यांनी आपल्या वाट्याचे श्रेय मागितले. न्यूटन इतके चिडले, की हूक यांचे काही उल्लेख त्यांनी काढून टाकले. रेन आणि हॅली यांच्यासमवेत केलेला एक उल्लेख मात्र शिल्लक राहिला. निवाडा करायचा तर दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. ग्रहगतीच्या प्रश्नाची योग्य मांडणी हूक यांनी न्यूटन यांच्यापुढे ठेवली, हे खरे. त्या मांडणीतून कक्षा गणिताने सिद्ध करून दाखवणे हूक यांच्या आवाक्यात नव्हते, हेही तितकेच खरे.

१६८७ साली 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी हूक यांची पुतणी ग्रेस वारली. ती बरीच वर्षे त्यांच्या घरी राहत होती. काकांचे तिच्याशी असलेले नाते आजच्या वाचकाला अस्वस्थ करणारे होते, हे त्यांच्या रोजनिशीतून दिसते. तिच्या मृत्यूनंतर ते खचले ते कायमचेच. प्रकृती आधीच तोळामासा. शेवटी पाय सुजले, दृष्टी गेली आणि अंथरूण धरावे लागले. ३ मार्च १७०३ रोजी ग्रेशम महाविद्यालयातील खोलीत त्यांचे निधन झाले. दरिद्र्यासारखे राहणाऱ्या या माणसाच्या लोखंडी पेटीत आठ हजारांहून अधिक पौंड सापडले. लंडनच्या मोजणीतून मिळालेली ही कमाई होती. सोसायटीसाठी स्वतंत्र वास्तू आणि प्रयोगशाळा उभारण्याचे ते बोलत असत. पण मृत्युपत्रावर सही झालेली नव्हती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये न्यूटन सोसायटीचे अध्यक्ष झाले. प्रकाशावरील आपला ग्रंथ त्यांनी हूक यांच्या मृत्यूनंतरच, १७०४ साली, प्रसिद्ध केला. पुढे १७१० साली ग्रेशम महाविद्यालयातून सोसायटीचे बिऱ्हाड हलले आणि हूक यांची अनेक उपकरणे नाहीशी झाली. त्यांचे चित्र न्यूटन यांनी नष्ट करवले, अशी आख्यायिका पुष्कळदा सांगितली जाते. तिला पुरावा नाही. स्वभावाविषयीही परस्परविरोधी साक्षी आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे लेखन संपादित करणाऱ्या रिचर्ड वॉलर यांनी त्यांना खिन्न, संशयी आणि मत्सरी ठरवले. जॉन ऑब्री या मित्राने मात्र सद्गुणी आणि भला माणूस म्हणून त्यांचे वर्णन केले. पहिलेच चित्र दोनशे वर्षे लोकांच्या मनावर राहिले. १९३५ साली त्यांची रोजनिशी छापली गेली आणि मित्रांत रमणारा, सतत कामात गढलेला हूक प्रथमच लोकांना दिसला.

२००६ साली आणखी एक गोष्ट घडली. इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातील एका घरात, कपाटात पडून असलेली त्यांच्या हस्ताक्षरातील पाचशेहून अधिक पानांची वही सापडली. सोसायटीच्या जुन्या बैठकांच्या इतिवृत्तांतून त्यांनी स्वतः उतरवून घेतलेल्या नोंदी तिच्यात आहेत. त्या कोणासाठी उतरवल्या, हे उघड आहे. आपण कोणता प्रयोग कधी दाखवला, कोणती कल्पना कोणत्या दिवशी मांडली, याचा पुरावा हा माणूस पानोपानी गोळा करीत होता. वहीचा लिलाव होणार होता; त्यापूर्वीच सुमारे दहा लाख पौंड उभे करून ती विकत घेण्यात आली. घेणारी संस्था होती रॉयल सोसायटी. वर्षाला तीस पौंडांवर ज्या संस्थेने त्यांना नोकरीस ठेवले होते, तिच्याच संग्रहात हूक यांचे म्हणणे आता त्यांच्या हस्ताक्षरात जपून ठेवलेले आहे.